सहल-पुस्तिका, इयत्ता आठवी : चौसष्ट पानांत वेरूळ-अजिंठा

मुलीच्या शाळेची यंदाची सहल पुण्याहून वेरूळ-अजिंठ्याला गेली, त्या निमित्ताने इतिहास शिकवणाऱ्या बाईंनी स्वतः लिहून, टंकून आणि शाळेसमोरच्या दुकानातून झेरॉक्स करून घेतलेल्या पुस्तिकेचे हे परीक्षण आहे. वहीच्या निम्म्या आकाराची, पाठपोट छापलेली, मधोमध दोन पिना मारलेली ही पुस्तिका चौसष्ट पानांची असून तिचे तीस रुपये सहलीच्या वर्गणीतच धरलेले होते. तीन दिवसांच्या सहलीला चौसष्ट पाने म्हणजे मुले जागी असतील त्या दर तासाला जवळजवळ दीड पान होते, आणि पालकसभेत ती वाटली गेली तेव्हा बहुतेक पालकांच्या चेहऱ्यावर हसू होते. पालक-प्रतिनिधी म्हणून मी सहलीबरोबर गेले असल्याने ती पाने प्रत्यक्षात कुठे उपयोगी पडली आणि कुठे नुसती ओझे झाली, हे मला जवळून पाहता आले.

आधी ओझ्याविषयी. पुस्तिकेची पहिली सहा पाने वेळापत्रकाची आहेत आणि ते मिनिटाच्या हिशेबाने आखलेले आहे. प्रासंगिक करारावर घेतलेली एसटी पहाटे ६.०० वाजता शाळेच्या फाटकातून सुटेल, ६.०१ वाजता ‘गणपती बाप्पा मोरया’ होईल, ६.०२ ते ६.२० समूहगीते होतील, आणि कंसात ठसठशीत अक्षरांत असे की भेंड्या लावण्यास ८.१० नंतरच परवानगी राहील. प्रत्यक्षात गाडी पाऊण तास उशिरा आली, शिरूरच्या अलीकडे एकाला बस लागली, आणि अहिल्यानगर यायच्या आतच वेळापत्रकाचा आणि आमचा काही संबंध उरला नाही. मुलांना मात्र त्यात वेगळाच खेळ सापडला, आणि ‘बाई, आत्ता आपण दौलताबादेत आहोत’ अशी आठवण नेवासे फाट्यावरच्या चहाच्या वेळी कोणीतरी करून दिली. अशा वेळापत्रकाचा एक तोटा गमतीपलीकडचा आहे, कारण ज्या पानावर ‘११.४२ ते ११.४९ पाणी पिणे’ असे लिहिलेले असते, त्याच पानावर ‘५.३० नंतर आत प्रवेश नाही’ यासारखी खरोखर पाळायची वेळही असेल तर मुले दोन्हींकडे सारख्याच दुर्लक्षाने पाहतात.

याउलट सातव्या पानापासून शरीराचा विचार सुरू होतो आणि तिथे बाईंचा बारकावा सार्थकी लागतो. बस लागणाऱ्या मुलांसाठी पूर्ण एक पान आहे. त्यांनी चाकावरच्या आणि मागच्या बाकांवर बसू नये, पहाटे उपाशी न येता कोरडी पोळी किंवा दोन बिस्किटे खाऊन यावे, आलेपाक किंवा आवळासुपारी सॅकच्या तळाशी न ठेवता खिशात ठेवावी, आणि पिशवी एकात एक अशा दोन घ्याव्यात, त्याही आधी पाणी भरून गळत नाहीत याची घरी खात्री करून. हे शेवटचे वाक्य वाचून मला हसू आले होते. शिरूरला त्याची किंमत कळली. डब्याच्या पानावर पहिल्या दिवसासाठी तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, धपाटे आणि कोरडी चटणी एवढेच चालेल, रस्सा, दही आणि अंडी चालणार नाहीत, असे लिहून प्रत्येकामागचे कारणही दिले आहे. कारण दिले की आठवीतली मुले ऐकतात, हे बाईंनी अचूक ओळखले आहे. हजेरीची पद्धतही साधी आणि पक्की आहे. प्रत्येकाला एक क्रमांक आणि एक जोडीदार दिलेला असतो, शिट्टी वाजली की क्रमांक ओरडायचे, आणि आपल्या जोडीदाराचा क्रमांक ऐकू आला नाही तर गटप्रमुखाची वाट न पाहता हात वर करायचा. दौलताबाद किल्ल्याच्या अंधारीत, म्हणजे तिथल्या काळोख्या भुयारी वाटेत, ही पद्धत नसती तर सोबतच्या शिक्षकांची धडगत नव्हती.

दिवसांची निवड कशी केली, हे चौथ्या पानावर एका छोट्या परिच्छेदात सांगितले आहे. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, अजिंठ्याची सोमवारी, आणि रविवारी दोन्हीकडे गर्दी लोटते. म्हणून सहल गुरुवार ते शनिवार. एवढी साधी गोष्ट न पाहता गेलेली आणि बंद फाटकापुढे फोटो काढून परतलेली कुटुंबे माझ्या ओळखीत आहेत. त्याच परिच्छेदात पुढे असे की दौलताबादचा किल्ला सकाळी चढायचा, कारण सुमारे दोनशे मीटर उंचीच्या त्या डोंगरावर दुपारी दगड तापतो, आणि वेरूळ दुपारनंतर पाहायचे, कारण तिथल्या लेण्यांची तोंडे पश्चिमेला आहेत आणि उतरते ऊन आतल्या मूर्तींपर्यंत पोचते. पंधरा वर्षांखालच्या मुलांना पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत तिकीट लागत नाही, तेव्हा वयाचा पुरावा म्हणून शाळेचे ओळखपत्र गळ्यात असावे, हेही तिथेच आहे.

पुस्तिकेतले सर्वांत चांगले पान कोणते असे मला विचारले, तर मी एकतिसावे सांगेन. ते वेरूळच्या सोळाव्या लेण्याचे, म्हणजे कैलास मंदिराचे आहे, आणि त्यावर मजकुरापेक्षा हाताने काढलेला नकाशाच मोठा आहे. फाटकातून सरळ आत न जाता उजवीकडून डोंगरावर चढणारी वाट धरायची, वरच्या कडेपासून सुरक्षित अंतरावर थांबायचे आणि मंदिर आधी वरून पाहायचे, अशी तिथे सूचना आहे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, हे काम कळसापासून पायाकडे खोदत नेले गेले; तेव्हा कारागिरांनी जिथून सुरुवात केली तिथूनच तुम्हीही सुरुवात करा, एवढेच बाईंनी लिहिले आहे. मुले वर गेली, शिखर पायाखालच्या पातळीवर पाहिले, मग खाली उतरून त्याच शिखराकडे मान मोडेपर्यंत वर पाहिले, आणि ‘मग परांच्या कुठे बांधल्या असतील’ या प्रश्नाचे उत्तर त्यांना कोणी न सांगताच मिळाले. मागची कातळभिंत तीस मीटरहून उंच आहे हा आकडा पुस्तिकेत आहे, पण वरून पाहिलेल्या मुलाला तो पाठ करावा लागत नाही.

अजिंठ्याच्या भागातही असे एक रत्न दडलेले आहे. फर्दापूरच्या फाट्यावर आपली गाडी सोडून पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसने जावे लागते, चित्रे असलेल्या लेण्यांत पादत्राणे बाहेर काढावी लागतात म्हणून नाडीचे बूट नकोत, आग्यामोहोळांमुळे अत्तर आणि सुगंधी तेल लावून येऊ नये, ही माहिती जाणत्या कोणाकडूनही मिळेल. पण पहिल्या लेण्यात शिरल्यावर लगेच चित्र शोधू नका, डोळे मिटून मनात साठपर्यंत आकडे मोजा आणि मग उघडा, ही सूचना मी अन्यत्र कुठे वाचलेली नाही. बाहेरच्या लख्ख उन्हातून आलेल्या डोळ्यांना आत नुसती काळी भिंत दिसते, आणि बहुतेक सहली ती काळी भिंत पाहून दुसऱ्या दाराकडे वळतात. आमची मुले ओळीने डोळे मिटून उभी राहिलेली पाहून एका परदेशी पाहुण्यांनी ही प्रार्थना कोणती, असे विचारले. डोळे उघडल्यावर गाभाऱ्याच्या डावीकडचा, चित्रातला पद्मपाणी बोधिसत्त्व हळूहळू भिंतीतून पुढे आला, तेव्हा मागच्या बाकांवरची, एरवी कशालाही दाद न देणारी मंडळीसुद्धा गप्प होती.

दहाव्या लेण्यावरचे टिपणही वाचनीय आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीला आला असता त्याच्या नजरेस ही लेणी पडली, आणि त्याने दहाव्या लेण्यातल्या खांबावर स्वतःचे नाव नि तारीख कोरली. ते नाव आज डोक्यापेक्षा उंचावर दिसते, कारण तेव्हा आत भरलेल्या राड्यारोड्यावर तो उभा होता. या टिपणाखालीच चौकटीत असे छापले आहे की संरक्षित स्मारकावर नाव कोरल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मग स्मिथला दंड झाला का, हा प्रश्न अर्थातच विचारला गेला, आणि बाईंनी तो पुढच्या तासासाठी राखून ठेवला.

आता तक्रारी. पहिली माहितीच्या चुकीची आहे आणि ती दुरुस्त झालीच पाहिजे. वेरूळच्या प्रकरणात ‘पहिले लेणे सर्वांत जुने, चौतिसावे सर्वांत नवे’ असे विधान आहे. तिथले क्रमांक दक्षिणेकडून उत्तरेकडे जागेनुसार दिलेले आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन ही विभागणी खरी असली तरी तो कालक्रम नव्हे, आणि काही हिंदू लेणी बौद्ध लेण्यांच्या आधीची असल्याचे अनेक अभ्यासक मानतात. आश्चर्य असे की अजिंठ्याच्या प्रकरणात बाईंनीच हे नीट लिहिले आहे, की क्रमांक जागेचे आहेत आणि दहावे लेणे पहिल्याहून कित्येक शतके जुने आहे. दौलताबादच्या पानावर मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये अख्खी दिल्ली ओस पाडून इकडे आणली असे ठासून सांगितले आहे. प्रत्यक्षात मुख्यतः दरबारी, अधिकारी, उलेमा आणि सूफी यांना हलवले गेले असावे, असा अलीकडच्या इतिहासकारांचा कल आहे, आणि आठवीच्या मुलांना तेवढा ‘असावे’ झेपतो.

दुसरी तक्रार प्रश्नावलीची. शेवटची चौदा पाने रिकाम्या जागांची आहेत आणि प्रश्न शंभराच्या वर आहेत. परिणाम असा झाला की कैलासातल्या दक्षिणेकडच्या भिंतीशी, जिथे रावण कैलास पर्वत हलवतो आहे आणि पार्वती शिवाकडे झुकली आहे, तिथे निम्मी मुले शिल्पाकडे पाठ करून, वही गुडघ्यावर घेऊन ‘रावणाच्या हातांची संख्या : ____’ भरत बसली होती, आणि उरलेली निम्मी त्यांची उत्तरे उतरवत होती. याहून अवघड जागा म्हणजे ‘माझ्या मनावर उमटलेला ठसा (आठ ओळी)’ या शीर्षकाखाली पहिली ओळ बाईंनीच ‘हे भव्य शिल्प पाहून माझे मन थक्क झाले’ अशी छापून दिली आहे. मन थक्क झाले की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. माझ्या मुलीने पुढच्या ओळीत ‘पण पाय जास्त थकले’ असे लिहिले आणि तिला पूर्ण गुण मिळाले, ही बाईंची दिलदारी.

याच बाई बीबी का मकबऱ्याच्या पानावर केवळ एक प्रश्न ठेवतात, आणि तो असा की संगमरवर कुठे संपतो आणि चुन्याचा गिलावा कुठे सुरू होतो, ते हात न लावता शोधा. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिच्या स्मरणार्थ उभारलेल्या या वास्तूला ताजमहालाची गरीब नक्कल म्हणून हिणवून पुढे जाण्याची आपल्याकडे रीत आहे. त्या एका प्रश्नामुळे मुले भिंतींपाशी वीस मिनिटे रेंगाळली आणि खालच्या पट्ट्यात संगमरवर, वर गिलावा, पुन्हा घुमटावर संगमरवर असा छडा त्यांनी लावला. शंभर प्रश्नांऐवजी असे दहा हवे होते.

खरेदीचे पान मात्र जसेच्या तसे राहू द्यावे. खर्चाला दोनशे रुपयांची मर्यादा, फर्दापूरला स्फटिक विकणारे गाठतील तेव्हा घासाघीस कशी करावी याचा नमुना-संवाद, आणि ‘हिमरू व पैठणीच्या दुकानापाशी बस थांबणार नाही, पालक-प्रतिनिधींनी आग्रह करू नये’ ही तळटीप. तळटीप कोणाला उद्देशून आहे ते आम्हा दोघी प्रतिनिधींना समजले.

छपाईबाबत एवढेच, की अक्षरे बारीक आहेत, नकाशांतला फिका भाग झेरॉक्समध्ये उडाला आहे, आणि मुखपृष्ठ जाड कागदाचे नसल्याने पुस्तिका दुसऱ्या दिवशीच कोपऱ्यांतून सुटू लागली. पुढच्या वर्षी रायगडाची सहल असून तिची पुस्तिका उन्हाळ्याच्या सुट्टीत लिहिली जाणार आहे, असे बाईंनी सांगितले. या वर्षीच्या प्रती शाळेच्या ग्रंथालयात ठेवल्या आहेत आणि वेरूळला जाणाऱ्या कोणत्याही कुटुंबाला त्या झेरॉक्ससाठी मिळतात. जरूर घ्याव्यात, झेरॉक्स करताना तेवढी पहिली तीन आणि पाचवे-सहावे पान वगळावे, चौथे मात्र ठेवावे, आणि प्रश्नावली मुलांच्या हाती द्यायची की नाही ते आपापल्या घरात ठरवावे.