सेन्ना की शूमाकर: कोणाचं पाप पोटात घालायचं?

फॉर्म्युला वनचा नाद अलीकडेच लागलेल्या मंडळींकडून एक प्रश्न हमखास येतो. जुन्या शर्यती बघायला घेतल्यात, आता जीव कोणावर लावू? ब्राझीलच्या आयर्टन सेन्नावर की जर्मनीच्या मायकेल शूमाकरवर? (सेन्ना मुद्दाम दोन 'न' लावून लिहितोय. एकावर भागवलं तर आपल्याकडे भलताच वाद सुरू होतो.) विजेतेपदं, पोल (पात्रता फेरीत सगळ्यात वेगवान ठरल्यावर मिळणारी पहिली जागा), पावसातली करामत हे तुम्ही वाचलेलं असणारच. त्यात कोणालाही निवडा, फसणार नाही. पण या दोघांचं कौतुक एकटं घरात येत नाही, सोबत वादांचं गाठोडं घेऊन येतं. मी निवड केली ती गाठोडी सोडून बघितल्यावर.

सेन्नाचं गाठोडं म्हणजे मुख्यतः जपानमधलं सुझुका. १९८९ साली मॅक्लारेन संघाच्याच दोन गाड्या, सेन्नाची आणि विजेतेपदासाठी त्याच्याशी झुंजणाऱ्या प्रॉस्टची, शिकेनवर (वेग कमी करायला लावणाऱ्या नागमोडी वळणावर) एकमेकींत अडकल्या. प्रॉस्ट उतरून चालता झाला. सेन्नाने मार्शलांकडून गाडी ढकलून घेतली, मोडलेलं नाक बदललं, पुढे गेलेल्या नानिनीला गाठून मागे टाकलं, शर्यत जिंकली. आणि शिकेन चुकवून ट्रॅकवर परतल्याबद्दल बाद झाला. वर एक लाख डॉलर दंड. इथे माझी सहानुभूती सगळी सेन्नाकडे. प्रॉस्टने गाडी जरा लवकरच आत घेतली असं मला आजही दिसतं, आणि मोटारशर्यतींच्या महासंघाचा अध्यक्ष बालेस्त्र, तोही प्रॉस्टसारखाच फ्रेंच, निःपक्षपाती होता असं म्हणायला जीभ रेटत नाही.

पुढच्या वर्षी, पुन्हा सुझुका. पोल सेन्नाचा, पण पोलची जागा ट्रॅकच्या धुळकट बाजूला. त्याने ती बदलून मागितली, मिळाली नाही. प्रॉस्ट आता फेरारीत. सुटताना तो पुढे निघाला, पहिल्या वळणावर आत वळला, आणि सेन्नाने ॲक्सिलरेटरवरून पाय उचललाच नाही. दोघेही वाळूत. प्रॉस्टला गुण मिळाले नाहीत की विजेतेपद सेन्नाचं, असं सरळ गणित होतं. शिक्षा शून्य.

शूमाकरचं गाठोडं जास्त जड आहे, हे आधीच कबूल करतो. १९९४ ला ॲडलेडमध्ये भिंतीला घासून अर्धमेली झालेली गाडी त्याने विजेतेपदाचा प्रतिस्पर्धी हिलच्या वाटेत आणली आणि एका गुणाने विजेता झाला. त्याच वर्षी सिल्व्हरस्टोनला काळा झेंडा (शर्यत सोडून आत या, हा हुकूम) न जुमानल्याबद्दल दोन शर्यतींची बंदीही भोगली. २००२ ला ऑस्ट्रियात संघाच्या हुकमावरून सहकारी बारिकेलोने अंतिम रेषेशी त्याला पुढे जाऊ दिलं, प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. २०१० ला हंगेरीत त्याच बारिकेलोला पिटच्या भिंतीकडे असं दाबलं की बघताना आपण खुर्चीत अंग चोरतो. आणि २००६ चं मोनॅको! पात्रता फेरीच्या शेवटी रास्कासच्या वळणावर गाडी 'बंद पडली', म्हणजे मागून येणाऱ्या प्रतिस्पर्धी अलोन्सोची फेरी गेली. पंचांनी त्याला सगळ्यांच्या मागे पाठवलं. त्याने मात्र ब्रेकवर चूक झाली हेच धरून ठेवलं.

पण तुलना करायची तर सुझुका १९९० शेजारी स्पेनमधलं हेरेस १९९७ ठेवावं लागतं. शूमाकर एका गुणाने पुढे, शेवटची शर्यत, अठ्ठेचाळिसावा लॅप. त्याचा प्रतिस्पर्धी व्हिलनव्ह ड्राय सॅकच्या वळणावर आतून घुसला आणि शूमाकरने चाक त्याच्या गाडीच्या कुशीत घातलं. स्वतःच वाळूत रुतला, व्हिलनव्ह तिसरा येऊन विजेता झाला. दिवाळीच्या तोंडावरची ती रविवार संध्याकाळ मला अजून आठवते. हॉस्टेलच्या टीव्हीरूममध्ये सहा-सात जण होतो आणि सगळ्यात मोठ्याने शिव्या मी घातल्या. महासंघाने पुढे त्याचं त्या वर्षीचं दुसरं स्थान काढून घेतलं, शिवाय रस्तासुरक्षेच्या मोहिमेत काम करायला लावलं. ही शिक्षा ज्याला सुचली त्याला दाद दिली पाहिजे.

कोणतं वाईट? माझ्याकडे मोजपट्टी नाही. मी दोन्ही क्लिपा आईला दाखवल्या. तिला यातलं ओ की ठो कळत नाही. हेरेस बघून म्हणाली, "याने मुद्दाम वळवली." सुझुका बघताना तिचं धडक मारणाऱ्याकडे लक्षच गेलं नाही. "अरे, यांच्या मागून एवढ्या गाड्या येतायत की!" मी ती क्लिप शंभरदा तरी पाहिली असेल, पण मागच्या वीसहून जास्त गाड्या मला पहिल्यांदा त्या दिवशी दिसल्या. हेरेसचं वळण हळू, मागे गर्दी नाही. सुझुकाचं पहिलं वळण ताशी दोनशेच्या बऱ्याच वर घेतात.

तरीही एवढ्यावर मी, मुळातला सेन्नावाला, पक्ष बदलला नसता. बदलला तो एका वाक्यामुळे. समोर फट दिसली आणि तुम्ही घुसला नाहीत तर तुम्ही रेसिंग ड्रायव्हर उरलाच नाहीत, अशा अर्थाचं सेन्नाचं ते प्रसिद्ध वाक्य. मी हॉस्टेलच्या कपाटावर आतून ते स्केचपेनने लिहिलं होतं. परीक्षेला जाताना वाचायचो. पुष्कळ वर्षांनी ती मुलाखत अख्खी पाहिली. सुझुकानंतर पंधराच दिवसांनी, ॲडलेडला माजी विजेता जॅकी स्टीवर्ट त्याला विचारतोय, तुझ्याच इतक्या टकरी कशा होतात? त्याला दिलेलं ते उत्तर होतं, आणि चांगलं रागावून दिलेलं. पुढच्या वर्षी, तिसरं विजेतेपद खिशात पडल्यावर, सेन्नानेच सांगून टाकलं की प्रॉस्ट पुढे निघाला तर माघार घ्यायची नाही हे आधीच ठरलं होतं. म्हणजे फट वगैरे काही नव्हती. मी वकिलाची कैफियत सुविचार म्हणून वाचत होतो.

कबूल तरी केलं ना, असं सेन्नावाले म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. अन्यायही झाला होताच. शिवाय १९९२ ला बेल्जियममधल्या स्पा ट्रॅकवर सरावात कोमास नावाचा ड्रायव्हर धडकून बेशुद्ध पडला तेव्हा ट्रॅकवर गाडी थांबवून त्याच्याकडे धावत जाणारा सेन्नाच. ते दृश्य कोणाचेही चाहते असा, बघाच. पण अपराधाला न्यायाचं नाव देणं मला जास्त खुपतं. शूमाकरने हेरेसला चूक झाली एवढंच म्हटलं, तेही नाखुशीने, पण त्यातून आम्हाला जगण्याचा धडा दिला नाही. अपराध केला, पकडला गेला, भरपाई केली. आणि २००० साली इटलीतल्या मोंझाला सेन्नाच्या ४१ विजयांशी बरोबरी झाली तेव्हा पत्रकार परिषदेत हाच माणूस लहान मुलासारखा रडला.

अर्थात हा माझा कल झाला. तुम्ही सेन्नाला निवडलंत तर मी भांडणार नाही; फक्त ते वाक्य मोबाइलवर लावण्याआधी स्टीवर्टचा प्रश्नही ऐका. आणि शूमाकरला निवडलंत तर रास्कासवर माझ्याकडे उत्तर मागू नका. नाहीये.