पेट शॉप बॉईजचा ‘स्मॅश’: ५५ गाणी, ३५ वर्षे

गाणी ज्या क्रमाने बाजारात आली त्याच क्रमाने ती सलग ऐकायला मिळावीत, ही अपेक्षा तशी साधी आहे. पण पेट शॉप बॉईज या ब्रिटिश पॉप जोडीची सारी कारकीर्द अशी ऐकण्यासाठी जून २०२३ उजाडावा लागला. त्या महिन्यात आलेल्या ‘स्मॅश’ या संचात १९८५ ते २०२० या काळातली त्यांची ५५ सिंगल्स, म्हणजे स्वतंत्रपणे बाजारात आलेली गाणी, नव्याने मास्टरिंग (ध्वनीची अंतिम जुळवणी) करून तीन सीडींवर दिली आहेत. १९९१चा ‘डिस्कोग्राफी’ हा संग्रह सुरुवातीच्या वर्षांपुरता होता, तर २००३च्या ‘पॉपआर्ट’मधली ३५ गाणी ‘पॉप’ आणि ‘आर्ट’ अशा दोन गटांत वाटलेली असल्यामुळे काळाचा धागा हातातून निसटत असे. ‘स्मॅश’ मी तीन संध्याकाळी, रोज एक सीडी याप्रमाणे, एकही गाणे न गाळता ऐकला, आणि या दोघांविषयीचे माझे एक जुने मत त्यामुळे बदलले.

नील टेनंट आणि क्रिस लो यांची पहिली भेट ऑगस्ट १९८१मध्ये लंडनच्या किंग्ज रोडवरील विद्युत उपकरणांच्या एका दुकानात झाली. लो तेव्हा वास्तुरचनेचे शिक्षण घेत होता. टेनंट पुढे ‘स्मॅश हिट्स’ या पॉप संगीताच्या नियतकालिकात काम करू लागला. संचाच्या नावात त्या नोकरीची आठवण असावी असे मला वाटते. संचाची सुरुवात ‘वेस्ट एंड गर्ल्स’ने होते. न्यूयॉर्कचा निर्माता बॉबी ऑर्लँडो याने केलेली या गाण्याची १९८४ची मूळ आवृत्ती येथे नाही. आहे ती निर्माता स्टीफन हेगने पुन्हा घडवलेली आणि १९८६च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचलेली. हेडफोन लावून ऐकताना आरंभीची पावले आणि वाहनांचे आवाज अंगावर आल्यासारखे वाटतात, आणि मग खालून तो संथ बास सुरू होतो. त्यावर टेनंट गात नाही, जवळजवळ बोलतो. आपल्याकडे भावगीताच्या संदर्भात शब्दप्रधान गायकी म्हणतात, तिची मला येथे आठवण होते. आवाज लहान आहे, हरकती नाहीत, पण प्रत्येक शब्द स्वच्छ कानावर पडतो आणि त्याचे वजन कळते.

पहिल्या सीडीवरचा बराचसा भाग सर्वांना ठाऊक आहे. १९८८पर्यंत त्यांची चार गाणी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली, आणि अशा काळाला टेनंटनेच ‘इम्पीरियल फेज’, म्हणजे यशाच्या शिखराचा काळ, असे नाव दिले, जे आज इतर कलावंतांनाही लावले जाते. त्या चारांपैकी ‘इट्स अ सिन’ हे कॅथलिक शाळेत वाढलेल्या मुलाच्या अपराधभावाचे गाणे आहे. त्याच्या शेवटी, वाद्यांच्या गडगडाटाखाली, टेनंट लॅटिनमधली पापकबुलीची प्रार्थना म्हणतो. नव्या मास्टरिंगमध्ये ती मला पूर्वीपेक्षा स्पष्ट ऐकू आली.

माझे जुने मत असे होते की त्या वैभवानंतरची कारकीर्द म्हणजे सावकाश उतरण. क्रमवारीचे आकडे तेच सांगतात. पण १९९०चे ‘बीइंग बोअरिंग’ ब्रिटनमध्ये जेमतेम २०व्या क्रमांकापर्यंत गेले आणि माझ्या मते या संचातले ते सर्वश्रेष्ठ गाणे आहे. एड्सने गेलेल्या एका मित्राच्या आठवणीतून ते लिहिले गेले. पहिले कडवे १९२०च्या दशकातल्या मेजवानीच्या निमंत्रणाचे, दुसरे १९७०च्या दशकात घर सोडून निघालेल्या तरुणाचे, तिसरे वर्तमानाचे; तिसऱ्यात मित्र नाही, एवढेच कळते. टेनंट येथे एकदाही आवाज चढवत नाही. जर्मनीत संगीतनिर्माते हॅरॉल्ड फाल्टरमायर यांच्या जुन्या अ‍ॅनालॉग सिंथेसायझरवर उभा राहिलेला तो मऊ नाद मागे वाहत राहतो, आणि रडू येते ते त्या संयमामुळे. क्रमाने ऐकताना हे गाणे धडाकेबाज नृत्यगीतांच्या पाठोपाठ येते, म्हणून ते अधिक खोल जाते.

तिसरी सीडी असमान आहे, हे मान्य करायला हवे. २००६च्या ‘आय अ‍ॅम विथ स्टुपिड’नंतर त्यांचे एकही गाणे ब्रिटनच्या पहिल्या दहांत आलेले नाही, आणि २०१२चे ‘विनर’ ऐकताना त्याचे कारणही कळते: चाल गोड आहे, पण शब्दांत नेहमीची धार नाही. मात्र पुढच्याच वर्षी निर्माता स्टुअर्ट प्राइसच्या साथीने आलेले ‘लव्ह इज अ बूर्ज्वा कन्स्ट्रक्ट’ ऐकावे. सतराव्या शतकातला इंग्रज संगीतकार हेन्री पर्सेल याच्या संगीतावर आजचा संगीतकार मायकेल नायमन याने रचलेली धून घेऊन त्यावर प्रेमभंगाने खचलेल्या, पुस्तकी तत्त्वज्ञानाचा आधार शोधणाऱ्या माणसाचे गाणे त्यांनी बांधले आहे. तीस वर्षे एकच काम केल्यावर एवढा ताजेपणा टिकवणे मला फार मोठे वाटते.

संचाची खरी मर्यादा त्याच्या निकषातच आहे. सिंगल्सच्या आवृत्त्या आटोपशीर असतात, त्यामुळे ‘लेफ्ट टू माय ओन डिव्हायसेस’चा अल्बममधला आठ मिनिटांचा वाद्यवृंदी विस्तार येथे नाही. जी गाणी सिंगल म्हणून निघालीच नाहीत, ती तर पूर्णच बाहेर राहतात. संग्राहकांसाठी सहा एलपींची आवृत्ती आहे आणि व्हिडिओंच्या ब्लू-रेसह निघालेलीही आहे. केवळ ऐकायचे असेल तर तीन सीडी पुरतात. पण त्यांच्यासोबत त्यांचा १९८७चा ‘अ‍ॅक्च्युअली’ हा अल्बम वेगळा घ्यावा, कारण थॅचरकालीन लंडनमधली हताशा सांगणारे ‘किंग्ज क्रॉस’ हे त्याचे शेवटचे गाणे या ५५ गाण्यांत नाही.