टॅली, ईआरपीनेक्स्ट की ओडू : लॉगिन आणि परमिशनच्या बाजूनं बघितलं तर

कोल्हापूरकडं शिरोलीत फौंड्री असू दे, गोकुळ शिरगावला मशीनशॉप नाहीतर मार्केट यार्डात गुळाची अडत, टॅली, ईआरपीनेक्स्ट, ओडू असलं हिशोब-स्टॉकचं सॉफ्टवेअर घेताना सगळे स्टॉक दिसतो का, जीएसटी निघतो का एवढंच विचारतात आणि लॉगिनचं बघू नंतर म्हणतात. ते नंतर लय महागात पडतं. आमच्याकडं पाच जण एकाच ॲडमिन लॉगिननं काम करायचे, पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला, आणि मार्च संपल्यावर कुणीतरी जुलैच्या एका बिलात रेट बदलला, मग भरलेला जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न) एकीकडं आणि हिशोब दुसरीकडं. दोन दिवस सीएंबरोबर एकेक बिल जुळवत बसलो. कुणी केलं ते आजपर्यंत कळलं नाही.

टॅली प्राइममध्ये युजर रोल, म्हणजे कामाप्रमाणं हक्कांचे साचे, बनवायचे, त्यात काय करू द्यायचं आणि काय नाही याच्या दोन याद्या भरायच्या. मागच्या तारखेची एंट्री किती दिवसांपर्यंत चालेल हे रोलमध्येच टाकता येतं, ऑपरेटरला ३ दिवस ठेवले असते तर आमचा जुलैचा घोळ झालाच नसता. पण शिरोलीच्या पोरानं शिरोलीचंच गोडाऊन बघावं, कागलचं नको, असं म्हणाल तर ते सरळ होत नाही, टीडीएल, म्हणजे टॅलीत वेगळं प्रोग्रामिंग, करून घ्यावं लागतं.

ईआरपीनेक्स्टमध्ये हेच काम आतूनच होतं, आणि मला ते सगळ्यात जास्त आवडतं. रोल परमिशन मॅनेजरमध्ये प्रत्येक डॉक्युमेंटला वाचणं, लिहिणं, सबमिट (पक्कं करणं), कॅन्सल असं वेगवेगळं टिक करायचं, म्हणजे स्टोअरवाला चलन बनवेल पण सबमिट सुपरवायझरच करेल. वर युजर परमिशन लावून त्या माणसाला एकाच वेअरहाऊसपुरतं ठेवायचं. रेटचा कॉलम लपवायचा असेल तर त्या फील्डची परमिशन लेव्हल १ करायची आणि स्टोअरच्या रोलला लेव्हल १ द्यायचीच नाही, त्याला वजन आणि नग दिसतात, खरेदीचा भाव दिसत नाही. एक जपायचं, वेअरहाऊस रिकामं सोडलेल्या एंट्र्या त्याला तरीही दिसतात, त्या बंद करायला सिस्टिम सेटिंगमध्ये स्ट्रिक्टचं टिक वेगळं करावं लागतं. आणि हे सगळं सांभाळायला ऑफिसात एक तरी समजणारा माणूस पाहिजे, नसेल तर उगाच यात पडू नका.

ओडूत सगळं ग्रुपवर, म्हणजे हक्कांच्या गटांवर, चालतं. सेल्सच्या पोराला फक्त स्वतःची कोटेशनं की सगळ्यांची, हे एका क्लिकवर ठरतं, त्यामुळं शोरूम आणि फिरती सेल्स टीम असणाऱ्याला ते सोयीचं. पण ग्रुपांची बेरीज होते, एका ग्रुपनं हक्क दिला की दुसरा ग्रुप तो काढून घेत नाही, शिवाय एका ग्रुपच्या पोटात दुसरा ग्रुप असतो, म्हणून एक टिक करताना मागनं काय काय उघडलं ते बघावंच लागतं.

सेटिंग बदलायचा हक्क मात्र तिन्हीकडं रोजच्या कामापासून वेगळा ठेवा. ईआरपीनेक्स्टचा सिस्टिम मॅनेजर रोल किंवा ओडूतलं सेटिंग्जचं ॲडमिनिस्ट्रेशन अकाउंटंटला सवलत म्हणून देऊ नका, तो कितीही विश्वासातला असला तरी, कारण तिथनं तो स्वतःचेच हक्क वाढवू शकतो.

प्रायव्हेट लिमिटेड असाल तर १ एप्रिल २०२३ पासून बंद न करता येणारा ऑडिट ट्रेल (कुणी कधी काय बदललं याची नोंद) असलेलंच अकाउंटिंग सॉफ्टवेअर लागतं. पण त्या ट्रेलमध्ये लॉगिनचं नाव येतं, पाच जण एका लॉगिनवर असतील तर त्यातनं माणूस कळत नाही.

माझं मत विचाराल तर चार-पाच माणसं आणि फक्त अकाउंट्स असेल तर टॅलीच ठेवा, दोन प्लँट, स्टोअर आणि जॉबवर्क असेल तर ईआरपीनेक्स्ट. आणि डेमोवाला आला की त्याला ॲडमिननं काही दाखवू देऊ नका, स्टोअरकीपरचं लॉगिन तिथंच बनवायला लावा आणि आपल्या स्टोअरच्या पोराला माऊस द्या, खरेदीचा रेट सापडतो का ते त्याला शोधू दे.