खेळाडूंचा शनिवारचा वर्ग : एका बापाचा अनुभव

मी पुण्यात पीएमपीएमएलला कंडक्टर आहे. थोरली पोरगी एस.वाय. बी.कॉम.ला आहे आणि खो-खो खेळते. तिच्या कॉलेजच्या जिमखान्यानं गेल्या जुलैपासून खेळाडूंसाठी दर शनिवारी दुपारी दोन तासांचा एक वर्ग सुरू केलाय. तिथं खेळ शिकवत नाहीत. खेळ सोडून पोरांचं बाकी जे काही असतं, त्याचा हा वर्ग. फी सहामाहीला ६०० रुपये, आणि ज्याला जमत नाही त्याच्याकडे मागत नाहीत. कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली पोरांच्या गोष्टी येणार आहेत आणि ती पोरं लगेच ओळखू येतील. दोन सहामाह्या पाहिल्यावर हे लिहितोय.

आधी माझं सांगतो, म्हणजे मी हे इतकं मनावर का घेतलंय ते कळेल. मी कबड्डी खेळायचो, उजव्या बाजूनं चढाई करायचो. दुसऱ्या वर्षाची परीक्षा आणि स्पर्धा एकाच आठवड्यात आल्या. मी स्पर्धेला गेलो. तीन विषय राहिले ते राहिलेच. परत बस, अभ्यास कर, असं एकाही माणसानं म्हटलं नाही. संघ जिंकला तेव्हा खांद्यावर घेणारे पुष्कळ होते. पुढं गुडघा गेला आणि मैदान सुटलं. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे हे कळेपर्यंत बरीच वर्षं गेली. अर्ज करायचा म्हणून पत्र्याची ट्रंक उघडली, तर प्रमाणपत्रांना ओल लागून शाई पसरलेली. ज्या मंडळाकडून खेळलो त्यांच्याकडे जुनी कागदपत्रं नव्हती. विषय तिथंच संपला.

म्हणून या वर्गातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगायची तर ती फाइल. पहिल्याच महिन्यात प्रत्येक पोराकडून एक फाइल करून घेतली. प्रत्येक स्पर्धेचं मूळ प्रमाणपत्र, त्याच्या दोन झेरॉक्स, संघाची यादी, स्पर्धेचं पत्रक, तारीख, ठिकाण. प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयातून होते, नुसता कागद दाखवून भागत नाही, हे वर्ग घेणाऱ्या सरांनी फळ्यावर लिहून समजावलं. माझी पोरगी घरी येऊन म्हणाली, "पप्पा, तुमच्या वेळी हे कुणी सांगितलं असतं तर?" मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकची झाकणाची पेटी आणून दिली.

औषधांचा तासही चांगला झाला. खेळाडूंना बंदी असलेल्या उत्तेजक औषधांची यादी दरवर्षी १ जानेवारीपासून नवी लागू होते, हे मला ठाऊक नव्हतं. सर्दीच्या साध्या गोळ्यांची पाकिटं बाईंनी टेबलावर मांडली आणि पोरांना मागची बारीक अक्षरं वाचायला लावली. काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन नावाचं उत्तेजक असतं आणि स्पर्धेच्या दिवशी ते ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त सापडलं तर खेळाडू अडकतो. जिममध्ये कुणी पावडरचा डबा हातात दिला तर काय करायचं, तेही त्यात आलं. आता आमच्या घरात मेडिकलमधून गोळी आली की आधी पोरगी पाकीट उलटं करून वाचते.

पैशांच्या तासाला निवृत्त बँकवाले काका येतात. बक्षिसाचे पैसे, पासबुक, विमा, घरभाडं. उपयोगाचं आहे, पण स्लाइड सगळ्या इंग्रजीत. कुस्तीची पोरं मागच्या बाकावर गप्प बसली होती. दुसऱ्या सहामाहीत काकांनी मराठीत बोलायला सुरुवात केली, तरी पडद्यावर अजून इंग्रजीच आहे. हे बदलायला हवं.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या दिवशी प्रत्येकाला एक कोरा कागद दिला. स्वतःबद्दल दहा ओळी लिहा, त्यात खेळाचा एकही शब्द नको. माझ्या पोरीनं दोन लिहिल्या. नाव, आणि धायरीला राहते. एवढंच. सरांनी तो कागद वर्षभर जपून ठेवला.

नोव्हेंबरात सरावात खांबाला वळताना तिचा गुडघा पिळवटला. लिगामेंटला इजा, चार महिने धावणं बंद. पुढं जानेवारीत सातवीपासूनच्या तिच्या सगळ्या मैत्रिणी स्पर्धेला निघाल्या. २०२५च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताच्या मुली आणि मुलं दोन्ही संघांनी नेपाळला हरवून तो जिंकला, तेव्हा ही पोरगी घरात नाचली होती. या जानेवारीत ती खिडकीशी बसून असायची. जेवताना मान वर करत नव्हती. मला माझा गुडघा आठवायचा आणि घशाशी घास अडकायचा. काय बोलावं कळत नव्हतं, कारण माझ्याशीही त्या वेळी कुणी बोललं नव्हतं.

वर्गातल्या बाईंनी तिला मैदानावर बोलावलं आणि सामन्याचं गुणपत्रक हातात दिलं. खो-खोचं गुणपत्रक सोपं नसतं. तीन-तीनच्या तुकडीनं पळणारे आत येतात, कोण कितव्या मिनिटाला बाद झालं, कुणी बाद केलं, सगळं धावत्या खेळात टिपायचं. पहिल्या दिवशी तिच्याकडून दोन बाद सुटले. महिन्याभरात सराव सामन्याचं गुणपत्रक ती एकटी सांभाळायला लागली. मग पंच व्हायच्या परीक्षेची चौकशी करून आली. एका शनिवारी तिनं सामन्यावर दीड पान लिहून वर्गात वाचलं. घरी मला वाचून दाखवलं तेव्हा वहीवर खाडाखोड इतकी होती की तिलाच मध्ये थांबावं लागत होतं. तिच्या तोंडून सलग पाच मिनिटं बोलणं मी बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

पालकांची बैठकही असते. पहिल्या बैठकीत सरांनी चिठ्ठ्या वाटल्या आणि विचारलं, मूल मैदानावरून घरी आलं की तुमचा पहिला प्रश्न काय असतो? चिठ्ठ्या गोळा करून वाचल्या. जवळजवळ सगळ्यांवर एकच होतं, "काय झालं मॅचचं?" माझ्यावरही तेच. सर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, आठवडाभर दुसरं काहीतरी विचारून पाहा. मी घरी जाऊन विचारलं, "भूक लागलीय का?" ती चमकून बघायला लागली.

वर्गात मोठ्या खेळाडूंचे दाखले देतात, पण नुसते पदकाचे नाही. खाशाबा जाधवांनी १९५२ला हेलसिंकीत कुस्तीत कांस्य जिंकलं, पुढं पोलिसात नोकरी केली, हे सांगताना त्यांच्या प्रवासासाठी त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं होतं हेही सांगितलं. स्वप्नील कुसाळेनं २०२४ला पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्य जिंकलं तेव्हा तो मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. हे ऐकून माझ्या पोरीनं वर्गात हात वर करून सांगितलं, माझे पप्पाही तिकिटंच देतात. मला ते तिच्या मैत्रिणीकडून कळलं.

उणिवाही लिहायलाच हव्यात. दोन शनिवार एका बाहेरच्या वक्त्यात वाया गेले, माइकवर मोठमोठ्यानं बोलून तो निघून गेला आणि पोरांनी वहीत एक ओळ लिहिली नाही. समुपदेशक बाई महिन्यातून एकदाच येतात आणि बाहेर रांग लागते. दुखापत झालेल्या पोराला महिनाभर थांब म्हणणं बरोबर नाही. दर आठवड्याला त्या हव्यात, त्यासाठी फी वाढली तरी माझ्यासारखे देतील. पिंपरीहून येणाऱ्या पोरांना सकाळचा सराव, मग वर्ग, मग परतीचा प्रवास, यात जेवणाचं काही ठरत नाही. वर्गाआधी पोळी-भाजीची सोय केली तरी पुष्कळ होईल. हे तिन्ही मुद्दे मी लेखी दिलेत.

मार्चमध्ये सरांनी सगळ्यांचे जुने कागद परत दिले आणि त्याच कागदावर पुढं लिहायला सांगितलं. पोरीनं दोन ओळींच्या खाली सात लिहिल्या. गुणपत्रकाचं होतं, आजीला मोबाइलवर पेन्शन बघायला शिकवल्याचं होतं, कॉस्टिंग हा विषय आवडतो असं होतं. खेळाचा शब्द नको होता म्हणून गुणपत्रकाच्या ओळीवर सरांनी प्रश्नचिन्ह केलं, तर तिनं वाद घातला, हे खेळणं नाही, हे लिहिणं आहे. सरांनी प्रश्नचिन्ह खोडलं.

नवी बॅच जूनमध्ये सुरू होते. ज्यांची पोरं त्या कॉलेजात आहेत त्यांना जिमखान्यात फॉर्म मिळेल. ज्यांची दुसरीकडे आहेत त्यांनी आपल्या क्रीडा संचालकांकडे जाऊन असा वर्ग मागावा, निदान फाइलचा आणि औषधांचा तास तरी. पालकांची बैठक महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी असते. मी त्या दिवशी सकाळची पाळी मागून घेतो.