काळा बाटला निळा केला: आर्गॉनवर नऊ महिने

दादरच्या एका जिन्याचं स्टेनलेस स्टीलचं रेलिंग मला घासून पुन्हा वेल्ड करून द्यावं लागलं, त्या रात्रीच हे लिहिणार होतो. थांबलो ते बरं झालं, कारण बाटला तपासून देणाऱ्या स्टेशनबद्दलचं मत अर्धं बदललंय.

भांडुपला माझा छोटा गाळा आहे. काम नसलं तरी भाड्याच्या बाटल्याचं मीटर चालूच राहतं, ते मला सोसवेना. म्हणून ऑक्सिजनचा ७ घनमीटरचा वापरलेला बाटला घेतला आणि आर्गॉनसाठी (वेल्ड करताना तापलेल्या धातूला हवा लागू न देणारा गॅस) बदलून घेतला. (ॲसिटिलीनचा बाटला फुकट मिळाला तरी यासाठी घेऊ नका. आत सच्छिद्र भर आणि ॲसिटोन असतं.)

बाटला तपासणारं स्टेशन पेसोच्या (गॅसच्या बाटल्यांवर देखरेख ठेवणारी केंद्र सरकारची संस्था) मान्यतेचं होतं, ते आधी बघून घेतलं. आतून तपासणी, वजन, हायड्रो टेस्ट, नवा व्हॉल्व्ह, ऑक्सिजनच्या काळ्याचा आर्गॉनचा निळा रंग, खांद्यावर नवी तारीख पंच. टेस्टमध्ये पाणी भरून कामाच्या दाबाच्या दीडपटीहून जास्त दाब देतात. दाब सोडल्यावर उरलेला फुगवटा एकूण फुगवट्याच्या १० टक्क्यांच्या आत हवा. माझा पास झाला. आता ५ वर्षं बघायला नको.

पण ते पाणी! पहिल्याच भरण्यात बीड (वेल्डची रेघ) करडी, मधे टाचणीने टोचल्यासारखी भोकं, टॉर्चमधली टंगस्टनची सुई काळी. टॉर्चच्या तोंडाचा कप बदलला, गॅसचा फ्लो मिनिटाला ८ वरून १२ लिटर केला, नवी होस (गॅसची नळी) आणली. स्टेशनवाले फोनवर एकच सांगत, "तुमचीच होस लीक असेल." शेवटी शेजारच्या गाळ्यातल्या काकांनी स्वतःचा बाटला लावून दिला. तीच टॉर्च, तीच होस, आणि बीड चकचकीत! टेस्टनंतर बाटला नीट वाळवलाच नव्हता. अर्ध्याहून जास्त गॅस फुकट गेला, तो माझ्या खिशातून.

तीन खेपा घातल्यावर तिथल्या एका पोराने व्हॉल्व्ह काढून आत उजेड दाखवला. तळाशी तांबूस गंजाची साय होती. त्याने आतून साफ केलं, गरम करून वाळवलं, व्हॅक्यूम लावला, जादा पैसे घेतले नाहीत. माझा राग तिथेच उतरला. तेव्हापासून एकही बीड खराब नाही, आणि वाचलेल्या भाड्यात बाटल्याचा खर्च मागच्या महिन्यात वसूल झाला.

बाटला मी शून्यावर कधीच आणत नाही. दोन-तीन किलो दाब राहिला की व्हॉल्व्ह बंद, नाहीतर पावसाळ्यातली आपली दमट हवा आत शिरते.

पुढच्या टेस्टला त्याच स्टेशनकडे जाईन, पण व्हॉल्व्ह बसवायच्या आधी बॅटरी घेऊन मी तिथे उभा असेन.