१७ महिन्यांचा व्हीपीएन आणि एक पीडीएफ

मागच्या महिन्यात सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका वकिलाची नोटीस येऊन पडली आणि त्या रात्री मी या व्हीपीएनची (आपला इंटरनेटवरचा पत्ता, म्हणजे आयपी, झाकणारी सेवा) प्रायव्हसी पॉलिसी पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. पैसे भरून १७ महिने झाल्यावर.

नोटीस आमच्या पाण्याच्या टँकरवाल्याची. आम्ही सिंहगड रोडला राहतो, उन्हाळ्यात टँकरशिवाय भागत नाही. कुणा ‘अज्ञात इसमाने’ सगळ्या फ्लॅटधारकांना मेल करून पावत्यांवरचे टँकर आणि गेटमधून आत आलेले टँकर यांचा हिशोब जुळत नाही असं दाखवलं होतं. त्या इसमाचं नाव १५ दिवसांत कळवा, नाहीतर सायबर पोलिसांकडे जाऊ, असा मजकूर. तो इसम मी. कमिटीत उघड बोललो असतो, पण टँकर बंद झाला की दुसऱ्या दिवशी आधी माझ्याच दारात लोक बादल्या घेऊन येणार.

व्हीपीएनचं नाव इथे लिहीत नाही. मी काय वापरतो हे जगाला सांगायचं असतं तर व्हीपीएन घेतलाच नसता. २७ महिन्यांचे ५,६०० रुपये, म्हणजे महिन्याला २०७. स्पीड, किती डिव्हाइस वगैरे यूट्यूबवर बघा.

पहिल्या सहा महिन्यांत मी याला दोन स्टार दिले असते. कारण एकच, ‘इंडिया’ सर्व्हर. ॲपमध्ये तिरंगा दिसतो, पण मशीन सिंगापुरात. पुण्यातल्याच साइटवर जायला सिंगापूर गाठून परत यायचं. नळस्टॉपहून डेक्कनला खंबाटकीमार्गे जाण्यातला प्रकार. सपोर्टच्या चॅटवर तीन दिवस भांडलो. ‘हे व्हर्च्युअल लोकेशन आहे’ एवढं एक वाक्य वेगवेगळ्या नावांची माणसं चिकटवत राहिली. रिफंडची ३० दिवसांची मुदत संपली होती, म्हणून गप्प बसलो.

नंतर कारण कळलं आणि माझाच राग मला खाली ठेवावा लागला. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इनने, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने, आदेश काढला. व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन, त्याला दिलेले आयपी आणि त्याने सेवा कशासाठी घेतली तेसुद्धा नोंदवायचं, आणि त्याने सेवा सोडली तरी पुढे पाच वर्षं जपून ठेवायचं. (ऑफिसच्या व्हीपीएनना हे लागू नाही. त्यामुळे बायकोची हिंजवडीची कंपनी निवांत.) एक्स्प्रेस, सर्फशार्क, नॉर्ड, प्रोटॉन या व्हीपीएन कंपन्यांनी त्याच वर्षी भारतातले सर्व्हर उचलले. म्हणजे ज्याला मी फसवणूक म्हणत होतो ती माझ्या नोंदींची वही कुणाच्या हाती लागू नये म्हणून केलेली सोय होती. चार स्टार.

नोटिशीच्या रात्री अजून एक गोष्ट पटली. मेल मी प्रोटॉनच्याच मेल सेवेवरून पाठवला होता, कंपनी स्वित्झर्लंडची म्हणून निर्धास्त. पण २०२१ मध्ये स्विस अधिकाऱ्यांच्या आदेशावरून प्रोटॉनला एका फ्रेंच पर्यावरण कार्यकर्त्याचा आयपी नोंदवून द्यावा लागला होता. मेलचा मजकूर कुलूपबंद राहिला, पत्ता गेला. उद्या माझ्याबाबतीत तसं झालं तर हाती लागेल तो व्हीपीएनचा आयपी. तेवढ्यापुरते २०७ रुपये वसूल. सिग्नल या मेसेजिंग ॲपचं बरं आहे. २०१६ मध्ये अमेरिकन ग्रँड ज्युरीने माहिती मागितली, तेव्हा त्यांच्याकडे द्यायला दोनच गोष्टी होत्या : खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. ठेवलंच नाही तर देणार काय!

आणि इथे माझ्या डोक्यात बिल शिरलं. पॉलिसी म्हणते, आम्ही काहीच नोंदवत नाही. मग माझ्या बिलावर माझं संपूर्ण नाव, फ्लॅट नंबर आणि पिनकोड काय करतोय? क्रेडिट कार्डाने भरलं होतं, कॅशबॅकसाठी. ५,६०० वर २८० रुपये मिळाले आणि त्यासाठी नाव देऊन बसलो. स्वीडनची मुलवाड ही व्हीपीएन कंपनी ईमेलसुद्धा विचारत नाही. १६ आकडी नंबर देते, पाकिटात रोख पैसे घातले तरी घेते. एप्रिल २०२३ मध्ये त्यांच्या गॉथेनबर्गच्या ऑफिसात पोलीस वॉरंट घेऊन आले आणि रिकाम्या हाताने गेले. पण तिथे महिन्याला पाच युरो. एक महिना घ्या की वर्षभर, दर तोच. आमच्या घरात हे वाक्य मोठ्याने वाचायची सोय नाही.

बायको म्हणाली, “बिलावरून तू गिऱ्हाईक आहेस एवढंच कळेल, टँकरचं कुठे कळतंय?” बरोबर आहे. तरी मी दोन रात्री त्या बिलावर घालवल्या. कंपनीला नाव काढायला सांगितलं, उत्तर आलं की टॅक्ससाठी लागतं. एक स्टार कमी.

तिसऱ्या रात्री त्या मेलसोबत मी पाठवलेली पावत्यांची पीडीएफ सहज उघडून प्रॉपर्टीज बघितल्या. ऑथर : माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. लॅपटॉप सेट करून देणाऱ्या दुकानातल्या मुलाने हौसेने तिन्ही भरलेली. पावत्या वर्डमध्ये चिकटवून पीडीएफ केली, की नाव सोबत गेलं. भर दुपारी स्कार्फने डोळ्यांखेरीज सगळं झाकून स्कूटी चालवावी आणि नंबरप्लेट मागे चकचकत असावी, तसं. व्हीपीएनचा यात काही दोष नाही, पण चिडून मी त्याचाही अर्धा स्टार कापला होता. तो परत दिलाय.

नशीब एवढंच की सेक्रेटरी काका पीडीएफ प्रिंट काढून वाचतात. कमिटीने वकिलाला ‘पाठवणारा आम्हाला माहीत नाही’ असं कळवलं. गेटवर आता टँकरची वही आहे, वॉचमन नंबर लिहून घेतो. १५ दिवस होऊन गेले, पुढे काही आलेलं नाही. वर्डमधला ‘डॉक्युमेंट इन्स्पेक्टर’ नावाचा पर्याय ही नावं पुसतो. फुकट आहे.

प्लॅन संपायला अजून दहा महिने आहेत, पण सवलतीचे मेल आत्तापासून येतायत. कालच्याची सुरुवात ‘प्रिय’ अशी आणि पुढे कार्डावरचं माझं संपूर्ण नाव.