स्थलांतर लांबणीवर पडणार असेल तर : कॅनडाचा पीआर की ऑस्ट्रेलियाचा?

कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया यांपैकी कोणत्या देशाचा पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा हक्क, लवकर मिळतो, याची चर्चा पुण्या-मुंबईत भरपूर होते. पीआर हाती आल्यावर तीन-चार वर्षे निघताच येणार नसेल, तर कोणत्या देशाचा हक्क कमी जाच होऊन टिकतो, याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. आमच्याकडे दोन्ही देशांची कागदपत्रे थोड्याच अंतराने आली आणि त्याच सुमारास वडिलांच्या आजारपणामुळे सोलापूर सोडणे अशक्य झाले. दोन्ही हक्क जिवंत ठेवण्याइतकी रजा आणि पैसा आमच्यापाशी नव्हता, म्हणून एकाची निवड करावी लागली. प्रत्येकाची अडचण वेगळी असते आणि नियमही बदलत राहतात, हे लक्षात ठेवूनच पुढील मजकूर वाचावा.

दोन्हीकडे ‘पाच वर्षांत दोन वर्षे’ असा आकडा कानावर येतो आणि त्यामुळे दोन्ही व्यवस्था सारख्याच आहेत असा समज होतो. प्रत्यक्षात कॅनडात ७३० दिवसांचे वास्तव्य ही पीआरचा दर्जा टिकवण्याची अट आहे, तर ऑस्ट्रेलियात ती पुढच्या पाच वर्षांसाठी देशात परतण्याची मुभा मिळवण्याची अट आहे. निघणे लांबवणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

कॅनडाच्या बाजूने बोलायचे तर तेथील घड्याळ सुरू होते ते पहिल्या लँडिंगपासून, म्हणजे पीआर म्हणून देशात प्रथम दाखल होण्यापासून. सीओपीआर (पीआर मंजूर झाल्याचे पत्र) आणि पासपोर्टवरील व्हिसा यांची मुदत बहुधा वैद्यकीय तपासणीच्या एका वर्षाशी बांधलेली असते. त्या मुदतीत एकदा जाऊन लँडिंग करावेच लागते, पण तोपर्यंतचा काळ पाच वर्षांतून वजा होत नाही. लँडिंगनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत अधिकारी एवढेच पाहतात की उरलेल्या काळात ७३० दिवस भरणे अजून शक्य आहे की नाही. म्हणजे लँडिंग करून परत आलेल्या माणसाला साधारण तीन वर्षे बाहेर काढता येतात, आणि लँडिंगपूर्वीचे महिने धरले तर ही सवलत चार वर्षांच्या जवळ जाते. विमान रात्री उशिरा उतरले तरी तो दिवस पूर्ण धरला जातो. कॅनडाचे नागरिक असलेल्या पतीसोबत किंवा पत्नीसोबत परदेशात घालवलेले दिवस, तसेच कॅनडातील कंपनीने पूर्णवेळ नोकरीवर बाहेर पाठवले असल्यास ते दिवसही हिशेबात येतात. शिवाय कार्डाची मुदत संपली म्हणून पीआर आपोआप जात नाही. अधिकाऱ्याने रीतसर निर्णय देईपर्यंत आणि त्यावरील अपिलाचा निकाल लागेपर्यंत दर्जा कायम राहतो. दिवस कमी भरले तरी मानवतेच्या कारणांचा, उदाहरणार्थ आई-वडिलांच्या दुखण्याचा, विचार होऊ शकतो. मात्र तो विचार करणे न करणे सर्वस्वी अधिकाऱ्याच्या हाती असते.

एवढे सगळे अनुकूल असताना माझे मन कॅनडावरून उडाले ते एका कार्डामुळे.

कॅनडाच्या पीआरला विमानाने देशात परतायचे असेल तर पीआर कार्ड दाखवावे लागते, आणि नवे कार्ड केवळ कॅनडातील पत्त्यावरच टपालाने येते. परदेशात ते पाठवले जात नाही. लँडिंगनंतर १८० दिवसांच्या आत तेथील पत्ता कळवावा लागतो. सॉफ्ट लँडिंग करून आठवड्या-दोन आठवड्यांत परतणाऱ्या कुटुंबाजवळ स्वतःचा पत्ता कुठून असणार? आम्ही एका नातेवाइकांचा पत्ता दिला. पुढे त्यांनी घर बदलले, आमच्यापैकी एकाचे कार्ड कुठेतरी अडकले, आणि ते शोधण्यासाठी एका भल्या माणसाला पुन्हापुन्हा फोन करण्याची वेळ आमच्यावर आली. त्यांनी कधीही कुरकुर केली नाही, पण सोलापुरात बसून आपला देशप्रवेशाचा हक्क दुसऱ्याच्या टपालपेटीवर अवलंबून आहे, ही जाणीव रोज टोचत राहिली. शेवटी सर्व कार्डे ओळखीतल्या एका गृहस्थांनी भारतात येताना हातसामानातून आणली. कार्ड नसेल तर परदेशातून पीआर ट्रॅव्हल डॉक्युमेंटसाठी अर्ज करून पासपोर्ट व्हिसा केंद्रात जमा करावा लागतो, आणि त्या वेळी दिवसांची छाननी होतेच. अमेरिकेत उतरून खासगी मोटारीने सीमा ओलांडण्याचा मार्ग काही जण सुचवतात. तो आहेही, पण त्यासाठी भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा हवा. एखाद्याला हा सगळा त्रास किरकोळ वाटेल. आमच्या घरात तो किरकोळ वाटला नाही.

ऑस्ट्रेलियात अशी वस्तूच नाही. व्हिसा संगणकात पासपोर्ट क्रमांकाशी जोडलेला असतो, विमानतळावरच्या काउंटरला तो दिसतो, आणि पासपोर्ट नवा केला तर त्याची माहिती घरबसल्या ऑनलाइन भरता येते. १८९ सारख्या कौशल्याधारित पीआर व्हिसात ग्रँटच्या, म्हणजे व्हिसा मंजुरीच्या, पत्रावर पहिल्या प्रवेशाची अंतिम तारीख लिहिलेली असते. त्या तारखेआधी सगळ्या कुटुंबाने एकदा जाऊन यायचे, आणि त्यानंतर ग्रँटपासून पाच वर्षे होईपर्यंत कधीही जावे, कितीही वेळा यावे. मधल्या काळात तुम्ही किती दिवस राहिलात हे सीमेवर मोजले जात नाही. पाच वर्षे संपण्याच्या आदल्या महिन्यात पोहोचलात तरी आत राहण्याचा हक्क बेमुदत असतो. माझ्यासारख्या, वडिलांच्या प्रकृतीकडे पाहून बेत ठरवणाऱ्या माणसाला ही मोकळीक फार मोलाची वाटली.

तरीही ऑस्ट्रेलियाची कठोर बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. तेथील घड्याळ ग्रँटच्या तारखेपासूनच चालू होते, त्यामुळे पहिल्या प्रवेशापूर्वी भारतात काढलेले महिने पाच वर्षांतून वजा होतात. आणि प्रवासाची मुभा संपण्याच्या दिवशी तुम्ही देशाबाहेर असाल, तर आधी रेसिडेंट रिटर्न व्हिसा, म्हणजे आपली मंडळी ज्याला आरआरव्ही म्हणतात तो, घेतल्याशिवाय पीआर म्हणून परतता येत नाही. कॅनडातल्यासारखी अधिकाऱ्याच्या निर्णयापर्यंत दर्जा तगून राहण्याची सोय येथे नाही. गेल्या पाच वर्षांत दोन वर्षे राहिला असाल तर आरआरव्ही पुन्हा पाच वर्षांचा मिळतो. तेवढे भरले नसतील तर नोकरी, घर, कुटुंब, व्यवसाय असे ऑस्ट्रेलियाशी भक्कम नाते कागदोपत्री दाखवावे लागते आणि मुदत एका वर्षापर्यंतचीच मिळते. सलग पाच वर्षे किंवा त्याहून अधिक काळ बाहेर असलेल्यांना त्या अनुपस्थितीची सबळ कारणेही द्यावी लागतात.

म्हणून अगदी शेवटच्या क्षणी जाणाऱ्यांची खरी परीक्षा तेथे पोहोचल्यावर होते. ज्यांचे आई-वडील गावाकडे आहेत त्यांना अचानक यावे लागते, आणि अशा वेळी परतीचा हक्क वर्षा-वर्षाने वाढवून घ्यावा लागतो. मी स्वतः उशिराच गेलो. तेथली नोकरी आणि भाडेकरार यांच्या आधारावर एक वर्षाचा आरआरव्ही मला फारसा खोळंबा न होता मिळाला. इतरांनाही तितक्याच सहज मिळेल असे मी म्हणणार नाही. तरी अर्ज ऑनलाइन करता येतो, तो देशातून किंवा बाहेरून कुठूनही भरता येतो आणि त्यासाठी कोणाच्या दारात टपालाची वाट पाहावी लागत नाही, एवढे सांगता येईल.

लग्न आणि मूल या बाबतीत दोन्ही देश सारखेच निष्ठुर आहेत आणि निघणे लांबवणारे नेमके येथेच फसतात. मधल्या काळात भारतात जन्मलेले मूल आई-वडिलांच्या पीआरमुळे आपोआप पीआर होत नाही. कॅनडात तर बाहेर राहणाऱ्या पीआरला त्या मुलाचे प्रायोजकत्वही घेता येत नाही; ती मुभा परदेशस्थ नागरिकांना आहे. सीओपीआर आल्यानंतर पण लँडिंगपूर्वी लग्न झाले आणि ते कळवले नाही, तर त्या जोडीदाराला पुढे कुटुंबाच्या वर्गातून आणण्याचा मार्ग बंद होऊ शकतो. सनई-चौघड्यांच्या गडबडीत हे कळवणे कोणाच्या लक्षात राहत नाही, एवढ्यासाठी हे लिहिले.

अमेरिकेचे ग्रीन कार्ड या तुलनेत मुद्दाम घेतले नाही. तेथे कायम अमेरिकेत राहण्याचा इरादाच तपासला जातो, वर्षाहून अधिक बाहेर राहायचे तर री-एंट्री परमिट लागते, त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो आणि ते बहुधा दोन वर्षांपुरते असते. निघणे लांबवू पाहणाऱ्याला ते सोयीचे नाही. नागरिकत्वाचा हिशेबही सोडून दिला आहे, कारण दोन्हीकडे तो प्रत्यक्ष तेथे राहू लागल्यावरच अर्थपूर्ण होतो.

निघण्याची तारीख दोन-अडीच वर्षांच्या आत नक्की असेल, कॅनडात सख्खे कोणी स्थिर पत्त्यावर राहत असेल, किंवा जोडीदार तेथील नागरिक असेल, तर कॅनडा निवडण्यात मला गैर काही दिसत नाही. ज्यांना तारीख सांगताच येत नाही, त्यांनी माझ्या मते ऑस्ट्रेलियाकडे झुकावे. तेथेही ग्रँटपासून तीन वर्षे पूर्ण होण्याआधी मुक्काम हलवता आला आणि त्यानंतर फारसे बाहेर पडावे लागले नाही, तर मुदत संपेपर्यंत दोन वर्षे भरतात आणि पुढचा आरआरव्ही थेट पाच वर्षांचा मागता येतो. त्याहून उशीर झाला तर वर्षाच्या मुदतीचे अर्ज करण्याची तयारी ठेवावी आणि भाडेकरार, पगारपत्रके, मुलांच्या शाळेची पत्रे पहिल्या महिन्यापासून जपून ठेवावीत.